हक्कसोडपत्राची नोंदणी थोडक्यात टळली. सह्या केलेल्या दस्ताचे आता काय करावे?

कण्हेर (प्रश्न)

मी एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात काम करते. जामीनदारांकडून सह्या घेताना 'आधी कागद वाचा' असे दिवसातून दहा वेळा सांगणे हा माझ्या नोकरीचाच भाग आहे, आणि तरीही गेल्या महिन्यात मी स्वतः सहा पानांवर न वाचता सह्या केल्या, हे येथे लिहितानाही मला संकोच वाटतो.

वडिलांना जाऊन दीड वर्ष झाले. सांगली जिल्ह्यात आमची सहा एकर जमीन आहे. पणजोबांपासून चालत आलेली, निम्मी उसाखाली. मागे आई, मी, बहीण आणि सर्वांत धाकटा भाऊ असे चौघे आहोत. 'वारस लावायचे आहेत, दोघी एक दिवस येऊन जा, आधार आणि पॅन कार्ड आणा' असा भावाचा फोन आला, त्याप्रमाणे आम्ही गेलो. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बाँड रायटरच्या टेबलावर कागद तयारच होते. तो एकेका पानाचा कोपरा उचलून खालच्या बाजूला बोट ठेवी आणि मी त्या बोटाशेजारी सही करी. पहिल्या पानावर मात्र त्याने आधारच्या झेरॉक्स ठेवल्या होत्या आणि सहीपुरतीच जागा उघडी होती, हे मला नंतर आठवले.

आत दस्तातील क्रमाप्रमाणे मला प्रथम बोलावले. फोटो झाला, अंगठ्याचे यंत्र फडक्याने पुसून माझ्यापुढे सरकवले गेले आणि साहेबांनी पडद्यावरची नजर न काढता विचारले, "भावाच्या लाभात हक्क सोडताय, मोबदला काही नाही, मान्य आहे ना?" मागून भाऊ हळूच म्हणाला, "हो म्हण." मी "कसला हक्क?" असे विचारले, तेव्हा कुठे साहेबांनी माझ्याकडे पाहिले आणि दस्त माझ्या बाजूला फिरवला. लिहून देणारे म्हणून तीन नावे होती : मी, बहीण आणि तिसरे नाव आईचे. आम्हा दोघींचे मी एक वेळ समजून घेतले असते, कारण बहिणींनी सोडून द्यायचे असते हे ऐकतच आम्ही वाढलो; पण ६८ वर्षांच्या आईचे नाव तेथे पाहिल्यावर मी हात मागे घेतला. "घरी बोलून या," असे म्हणून साहेबांनी दस्त परत दिला आणि पुढचा टोकन क्रमांक पुकारला गेला.

माझे प्रश्न दोन आहेत. सह्या केलेला तो दस्त भावाकडेच आहे. त्याचा काही उपयोग केला जाऊ शकतो का? आणि दुसरा प्रश्न कायद्याचा नाही. आईला भाऊच सांभाळतो, वडिलांच्या आजारपणात रात्री तोच जागला. मोठेपणाने सही करून टाकावी का, असे मला अजूनही अधूनमधून वाटते.

निवृत्त अव्वल कारकून

ताई, प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण निम्मी फसगत या एका शब्दावर होते. वारस नोंदीसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात जावेच लागत नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसांविषयीचे प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, अर्ज करायचा असतो. ई-हक्क प्रणालीतून तो घरबसल्याही करता येतो. गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत नोंद होते, फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि नंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. यात कोठेही मुद्रांक लागत नाही. 'वारस लावायचे' म्हणून कोणी मुद्रांकावर सही मागत असेल, तर तो कागद वारसाचा नव्हे.

आता पहिला प्रश्न. स्थावर मिळकतीवरील हक्क सोडण्याच्या दस्ताची नोंदणी सक्तीची आहे (नोंदणी अधिनियम, १९०८, कलम १७), आणि नोंदणी न झालेल्या दस्ताने तुमचा हक्क जात नाही (कलम ४९). मात्र सही केल्यापासून चार महिन्यांपर्यंत दस्त नोंदणीसाठी सादर करता येतो आणि दंड भरून आणखी चार महिने मिळू शकतात. लिहून देणाऱ्याने कबुली दिल्याशिवाय नोंदणी सहसा होत नाही, हे खरे. पण सही तुमचीच असल्यामुळे चौकशी लावून वाद वाढवण्यास जागा उरते. म्हणून मूळ दस्त परत मागा आणि भावासमक्ष रद्द करून स्वतःजवळ ठेवा. तो देत नसेल, तर हक्क सोडण्याची संमती नाही आणि सह्या कशा घेतल्या गेल्या, हे भावाला व निबंधक कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्या.

अंगठा उमटला असता तर काय झाले असते, हेही सांगतो. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र तुम्हाला एकतर्फी कागद करून मागे घेता आले नसते. दिवाणी न्यायालयात दस्त रद्द करून मागावा लागला असता, तोही फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत, आणि फसवणूक झाली हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर आली असती. ज्या बाईने कॅमेऱ्यासमोर बसून अंगठा दिला, तिला काही कळले नव्हते हे पटवणे किती कठीण असते, हे मी नोकरीत पाहिले आहे.

हिश्शाचे म्हणाल, तर हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीमुळे ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच जन्मतः हिस्सेदार, आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. तुमच्या घरात वडील, आई आणि तिघे भावंडे मिळून प्रत्येकी एक पंचमांश, आणि वडिलांच्या पंचमांशाचे पुन्हा चार समान भाग. बेरीज केली की प्रत्येकाला पाव हिस्सा येतो. जमीन वडिलांची स्वकष्टार्जित आणि मृत्युपत्राविना असती, तरी उत्तर पावच आले असते. म्हणजे सहा एकरांत दीड एकर तुमची आणि दीड एकर आईची. फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटप झाले होते का, तेवढे पाहा. सातबारा काढून नावे कोठे आहेत तेही तपासा. मुलींची नावे कब्जेदार सदरी न घेता 'इतर हक्क' या रकान्यात टाकण्याची जुनी खोड होती.

रानजाई

मी २००९ साली सही केली. मला कोणी फसवले नाही. दस्त वाचून, समजून केली, आणि त्या दिवाळीला नेहमीपेक्षा भारी साडी मिळाली. पैशांचे मला आजही काही वाटत नाही, पण दोन गोष्टी मला कोणी सांगितल्या नव्हत्या.

पहिली म्हणजे, माझ्या नावावर दुसरी शेतजमीन नसल्यामुळे त्या सहीबरोबर माझे शेतकरीपणही गेले. आम्ही उभयतांनी निवृत्तीनंतर थोडी शेती घ्यायचे ठरवले तेव्हा कूळ कायद्याचे कलम ६३ आडवे आले. शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. शेतकऱ्याच्या पोटी जन्मून, वीस वर्षे भांगलण करून, 'शेतकरी असल्याचा दाखला आणा' हे ऐकून घेणे फार बोचते.

दुसरी गोष्ट आईची. आमच्या आईनेही त्याच दिवशी सही केली होती. भाऊ वाईट नाही, पण पुढे आई औषधाच्या गोळ्या अर्ध्या करून घेऊ लागली, कारण 'सारखे पैसे कसे मागायचे'. जिच्या नावावर पावणेदोन एकर होती, तिची ही स्थिती. तुमच्या आईला खरोखरच द्यायचे असेल, तर सांभाळ करण्याची अट दस्तातच लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ नुसार, अशी अट मोडली गेल्यास हस्तांतरण रद्द करून मागता येते. तोंडी अटीवर मात्र विसंबू नका.

बांधावरचा

मी भाऊ आहे आणि बहिणींकडून हक्कसोड घेतलेली आहे, त्यामुळे माझे म्हणणे काहींना रुचणार नाही. सातबारावर चार नावे असली की सोसायटीच्या पीककर्जापासून ठिबकच्या अनुदानापर्यंत प्रत्येक कामाला चौघांची संमती लागते, आणि एक बहीण पुण्यात व दुसरी सुरतेस असली की हंगाम निघून जातो. सहा एकरांचे चार तुकडे केले तर विहीर एकाच्या वाट्याला जाते आणि पाट दुसऱ्याच्या. शिवाय वडिलांच्या नावावरचा बोजा कोणी फेडला, हे प्रश्नात कोठे दिसत नाही. भाऊ मागतो म्हणजे लुबाडतो, असे समजू नये.

तथापि 'वारस' सांगून हक्कसोडीवर सही घेणे हे चूकच, आणि आईचे नाव त्यात घालणे त्याहून वाईट. मी बहिणींना घरी बोलावून, मेहुण्यांसमक्ष, रक्कम ठरवून घेतली होती. ताई, नावे राहू द्या आणि कर्जापुरते संमतीपत्र द्या. त्याची अडचण खरी असेल तर तेवढ्याने भागेल, आणि भागत नसेल तर अडचण वेगळीच आहे असे समजा.

टपाल

दीड वर्ष काही न करता एकाएकी ही घाई का, हे विचारले का? रस्त्यासाठी भूसंपादन होणार असेल, तर मोबदल्याच्या वाटणीतून नावे कमी करण्यासाठी नेमके असेच दस्त होतात. गट क्रमांक घेऊन प्रांत कार्यालयात चौकशी करावी.

कण्हेर

सर्वांचे आभार. टपाल यांची शंका मलाही आली होती आणि मी चौकशी केली. आमच्या गटातून रस्ता जात नाही. घाईचे कारण साधे निघाले. भावाला नदीवरून पाइपलाइन करायची आहे आणि बँकेने 'उतारा एकाच्या नावावर असेल तर लवकर होईल' असे त्याला सांगितले होते. 'वारस' हा शब्द मात्र त्याचा नव्हता. "बायका फार विचारतात, वारसाचे आहे म्हणा," असे बाँड रायटरने सुचवले आणि याने ते मानले, असे त्याने रविवारी ओट्यावर बसून, माझ्याकडे न पाहता सांगितले. दस्त त्याने परत दिला. प्रत्येक पानावर तिरपी रेघ मारून, 'रद्द' लिहून आम्ही चौघांनी सह्या केल्या आणि तो मी माझ्या कपाटात ठेवला आहे. बांधावरचा यांचे बोजाविषयीचे बोलणे मला लागले, कारण ते खरे आहे. सोसायटीचे कर्ज त्यानेच फेडले होते आणि मी कधी आकडाही विचारला नव्हता. तो आता विचारला आहे, आणि पाइपलाइनच्या कर्जापुरते संमतीपत्र आम्ही दोघी देणार आहोत. हक्क सोडणार नाही. बहिणीला सोडायचा असल्यास तिचा निर्णय वेगळा. ती अजून काही बोललेली नाही, आणि भावाची बायको माझ्याशी जेवायला वाढण्यापुरतेच बोलली.

वारसाचा अर्ज त्याच दुपारी मी माझ्या मोबाइलवरून भरला. आई शेजारी बसून पाहत होती. वारसांच्या यादीत तिचे नाव टंकित केल्यावर तिने पडद्यावर बोट ठेवून ते अक्षर लावत वाचले, आणि वडिलांच्या नावाऐवजी आता तेथे तिचे येणार का, असे विचारले. ऐवजी नव्हे, तुम्हा सगळ्यांचे मिळून येणार, असे मी सांगितले. त्यावर ती म्हणाली, "मग माझं वर घाल."