मदत हवी आहे : एमएस आणि लघवीवरचा ताबा (नागपूर)
मंडळी, माझ्या ताईला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार) आहे. लघवीची घाई इतकी, की बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जायचं म्हटलं तरी आधी बाथरूम कुठे ते विचारते. त्यात आपला उन्हाळा! अंग तापलं की त्रास वाढतो, आणि ही भीतीपोटी पाणीच कमी पिते. डॉक्टर म्हणाले, मूत्राशय ठीक आहे. मेंदूच्या पुढच्या भागाचा 'थांब' हा निरोप मज्जारज्जूतून नीट पोचत नाही. आता युरोडायनॅमिक टेस्ट (मूत्राशय कसं भरतं-रिकामं होतं ते बघणारी तपासणी) सांगितलीय. लघवीची घाई कमी करणाऱ्या ऑक्सिब्युटिनिन या गोळीने विसराळूपणा वाढू शकतो म्हणे. त्यासाठीचंच दुसरं औषध, मिराबेग्रॉन, कुणी घेतलंय का? घोट्याजवळच्या नसेला करंट देण्याचा उपचार धंतोली-रामदासपेठेत कुठे होतो? टेस्टला बाई टेक्निशियन मिळते का, तेही सांगा. ताई लाजून विचारत नाही.