बी विंग गप्पा : फ्रँक ऑझकडे किती पैसे आहेत?

मंदार (३०४): मंडळी, लेकाला फॅन्सी ड्रेसला योडा व्हायचंय. मुखवट्याचे फोटो शोधता शोधता भलतीकडेच पोचलो. 'स्टार वॉर्स'मधला योडा आणि 'मपेट शो'मधली ती गुलाबी डुकरीण मिस पिगी, दोघांचा आवाज एकाच माणसाचा! बाहुल्या चालवणारा फ्रँक ऑझ. पुढे त्याची संपत्ती शोधली, तर एक साइट एक आकडा सांगते आणि दुसरी त्याच्या तिप्पट. कुलकर्णीकाका, तुम्ही सीए, कुठला खरा धरायचा?

कुलकर्णीकाका (१०१): कुठलाच नाही.

मंदार: अहो काका, जरा सविस्तर 🙂

कुलकर्णीकाका: त्या माणसाचं रिटर्न कुणी पाहिलंय का? अमेरिकेत शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या बड्या साहेबांचा पगार जाहीर करावा लागतो. कठपुतळीवाल्याचा करावा लागत नाही. या साइटवाले सिनेमांनी किती गल्ला जमवला ते बघतात, त्यातला काही हिस्सा याचा असेल असं धरतात आणि पुढे शून्यं लावतात. गल्ल्यातला मोठा वाटा आधी थिएटरवाल्यांचा, मग स्टुडिओचा. दिग्दर्शकाची फी करारात ठरते, ती सिनेमा चालो वा आपटो.

नेहा (५०२): काका अगदी बरोबर. आणि मंदारदादा, तुम्हाला तो फक्त योडा म्हणून माहीत आहे हेच त्याचं दुखणं आहे बहुतेक. डझनभर सिनेमे दिग्दर्शित केलेत त्याने. स्टीव्ह मार्टिनचा 'बोफिंगर' पाहिलाय का? बिल मरेचा 'व्हॉट अबाउट बॉब?'? सुनील शेट्टीचा 'डॅडी कूल' नावाचा २००९ मधला हिंदी सिनेमा आठवतो? तो ऑझच्या २००७ मधल्या 'डेथ ॲट अ फ्युनरल'वरूनच घेतलेला. अमेरिकेतही २०१० मध्ये त्याचा रीमेक झाला.

मंदार: डॅडी कूल?? मी तो थिएटरात पाहिलाय. कुणाला सांगू नका.

देशमुखकाकू (ॲडमिन): सर्वांना विनंती, गच्चीवरची टाकी धुण्याचं काम चालू आहे. दुपारी दोनपर्यंत पाणी येणार नाही.

सुमेधाताई (२०३): बादल्या भरून ठेवल्या आहेत काकू. मंदार, बालवाडीत मोज्यांच्या बाहुल्या नाचवण्यात माझी अकरा वर्षं गेली, म्हणून हा माणूस मला जवळचा वाटतो. याच्या घरातच बाहुल्या होत्या. मूळ आडनाव ओझ्नोविच. आईवडील दोघंही बाहुल्यांचे खेळ करायचे. वडील डच ज्यू, आई बेल्जियमची. नाझी आले तेव्हा ते अँटवर्पहून पळाले. त्याआधी त्यांनी हिटलरची एक कळसूत्री बाहुली बनवली होती, वडिलांनी कोरली आणि आईने कपडे शिवले. ती सापडली असती तर काय झालं असतं विचार करा. जमिनीत पुरून गेले. युद्धानंतर उकरून काढली. २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्यू संग्रहालयात या कुटुंबाच्या बाहुल्यांचं प्रदर्शन झालं, त्यात ती होती.

मंदार: बाप रे.

सुमेधाताई: फ्रँकचा जन्म १९४४ चा, इंग्लंडातल्या हेरफर्डचा. तिथून बेल्जियम, १९५१ मध्ये अमेरिका, शेवटी कॅलिफोर्नियात ओकलंड. शाळेत असतानाच तिथल्या चिल्ड्रन्स फेअरीलँड या बागेत बाहुल्यांचे खेळ करायला लागला. आपल्याकडे अर्धवटराव यशवंत पाध्यांकडून रामदास पाध्यांकडे आले, तसंच काहीसं.

कुलकर्णीकाका: फरक एवढाच की अर्धवटराव पाध्यांच्या घरातच राहिले. इथे मिस पिगी ऑझच्या घरची कधीच नव्हती. मंदार, तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

मंदार: म्हणजे?

कुलकर्णीकाका: चहा घेऊन येतो, मग लिहितो.

नेहा: तोवर मी. एकोणीस वर्षांचा असताना, १९६३ मध्ये, जिम हेन्सनने त्याला न्यूयॉर्कला बोलावून घेतलं. मपेट्स नावाच्या बाहुल्यांवाला हेन्सन. १९६९ पासून 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात बर्ट, ग्रोव्हर, बिस्किटखाऊ कुकी मॉन्स्टर ही बाहुल्यांची पात्रं ऑझची. १९७६ ते ८१ 'मपेट शो'मध्ये मिस पिगी, फॉझी बेअर, ॲनिमल, सॅम ईगल. गंमत म्हणजे पिगी मुळात त्याची नव्हतीच. बाहुली बॉनी एरिक्सनने बनवली, सुरुवातीला दुसऱ्यांनीही चालवली. एका तालमीत स्क्रिप्टमध्ये नुसती थप्पड होती, तिथे ऑझने कराटेचा तडाखा हाणला, आणि तिथून पुढे ती बाई त्याची झाली.

सुमेधाताई: हे लोकांना कळत नाही. आवाज काढणं हा सोपा भाग. हात डोक्यावर धरून तासन्‌तास उभं राहायचं, मान वाकडी करून खालच्या मॉनिटरकडे बघायचं, आणि त्यात दिसणारं चित्र आरशासारखं उलटं नसतं. तुम्ही हात डावीकडे न्याल तेव्हा मॉनिटरमध्ये बाहुली उजवीकडे सरकते. मी एकदा मोबाइलचा कॅमेरा टीव्हीला जोडून करून पाहिलं. दहा मिनिटांत खांदा भरून आला आणि बाहुली छताकडे बघत राहिली.

फॉझी आणि कुकी मॉन्स्टर तर त्याहून कठीण. त्यांचे हात म्हणजे माणसाचेच, मोजे घातलेले हात. ऑझचा उजवा हात डोक्यात, डावा हात बाहुलीच्या डाव्या हातात. मग बाहुलीचा उजवा हात कुणाचा? दुसऱ्या माणसाचा. तो शेजारी चिकटून उभा. बिस्किट तोंडात कोंबायचं तर दोघांचा ताल एक लागतो.

मंदार: हे भारी आहे. लेकाला वाचून दाखवलं.

कुलकर्णीकाका: आलो. ऐक. पिगी, फॉझी, ॲनिमल यांची मालकी तेव्हा हेन्सनच्या कंपनीची. कामासाठी नेमलेल्या माणसाने नोकरीत बनवलेलं, ते अमेरिकन कायद्याने कंपनीचं. बाहुली, डबा, दप्तर, चादर, कॅलेंडर, काहीही विकलं तरी कलाकाराला त्यातून आपोआप हक्काचा वाटा येत नाही. करारात लिहून घेतलं असेल तरच. आता हा व्यवहार बघ. १९८९ मध्ये डिस्नेने हेन्सनची कंपनी घ्यायचं जाहीर केलं. मे १९९० मध्ये हेन्सन न्यूमोनियाने गेला, वय त्रेपन्न. व्यवहार फिसकटला. २००० मध्ये एका जर्मन कंपनीने तीच कंपनी ६८ कोटी डॉलरना घेतली. तीन वर्षांत जर्मन कंपनी गाळात, आणि हेन्सनच्या मुलांनी ती दहा कोटींच्याही आत परत विकत घेतली! २००४ मध्ये मपेट्स डिस्नेला विकले.

एवढी उलाढाल ज्या पात्रांवर झाली त्यातल्या चार जणांत प्राण ओतणारा माणूस या कुठल्याच व्यवहारात विकणारा किंवा घेणारा नव्हता.

मंदार: हा तर सरळ अन्याय आहे काका.

कुलकर्णीकाका: तसं मी म्हणणार नाही. तीस वर्षं त्याला काम मिळत होतं. शो चालेल की नाही ही जोखीम त्याच्या डोक्यावर नव्हती. 'मपेट शो' अमेरिकेतल्या मोठ्या चॅनलांनी घेतलाच नव्हता, शेवटी इंग्लंडच्या ल्यू ग्रेडने पैसे घातले आणि लंडनजवळच्या एल्सट्रीत तो बनला. बुडाला असता तर हेन्सन आणि ग्रेड बुडाले असते. शिवाय तिकडे कलाकारांची युनियन आहे, दिग्दर्शकांची गिल्ड आहे. सिनेमा टीव्हीवर, डिस्कवर, स्ट्रीमिंगवर परत विकला की सभासदांना ठरल्याप्रमाणे थोडे थोडे पैसे येत राहतात. म्हातारपणी तो चेक फार मोठा नसेल, पण येतो. माझ्या मते त्याने खरा पैसा कमावला असेल तो दिग्दर्शनात.

नेहा: दिग्दर्शनातला त्याचा सर्वांत महागडा धडा सांगते. 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स', १९८६. माणसं खाणारं झाड आहे, आणि ते झाड म्हणजे एक प्रचंड बाहुलीच. काही शॉट्सना पन्नास-साठ माणसं ते चालवत होती. एवढं जड रबराचं तोंड शब्दांच्या वेगाने हलेना, म्हणून कॅमेरा कमी वेगाने चालवला, म्हणजे पडद्यावर सगळं जलद दिसतं. मग सोबतच्या रिक मोरानिसला मुद्दाम संथ बोलून, संथ हलून अभिनय करावा लागला. पडद्यावर सगळं नॉर्मल दिसतं! आजही बघा, कुठे शिवण दिसत नाही.

मूळ नाटकात झाड हीरो-हिरॉइन दोघांना खातं. ऑझने तसाच शेवट चित्रित केला, छोट्या मॉडेलांची अख्खी शहरं उद्ध्वस्त करत. अडीच कोटी डॉलरच्या बजेटमधले सुमारे पन्नास लाख त्या शेवटावर गेले असं सांगतात. प्रीव्ह्यूला प्रेक्षक आधी हसत होते, टाळ्या देत होते, आणि दोघं मेल्याबरोबर थिएटर गार. शेवट फेकून दिला, गोड शेवट नव्याने शूट केला. ऑझने नंतर याचं कारण फार छान सांगितलंय. नाटकात मेलेली पात्रं शेवटी नमस्कार करायला परत येतात, सिनेमात येत नाहीत. तो फेकलेला शेवट २०१२ मध्ये डिस्कवर आला.

सुमेधाताई: नमस्कार करायला परत येतात... हे बालवाडीत रोज बघते. लांडगा मेला की एक तरी मूल रडतं. मी लांडग्याला पडद्यावरून हात हलवायला लावते.

मंदार: आणि ब्रँडोची भानगड? त्या साइटवर ओझरतं होतं काहीतरी.

नेहा: 'द स्कोअर', २००१. मार्लन ब्रँडो, रॉबर्ट डी नीरो, एडवर्ड नॉर्टन. ब्रँडो ऑझचं ऐकेना, त्याला 'मिस पिगी' म्हणून हाक मारायचा असं तेव्हा छापून आलं. शेवटी ब्रँडोच्या सीनला डी नीरो सूचना द्यायचा आणि ऑझ मॉनिटरवर बघत बसायचा. नंतर ऑझनेच कबूल केलं की मी अंगावर गेलो, जरा सांभाळून घ्यायला हवं होतं. काव्यगत न्याय बघा, १९८८ चा ऑझचा 'डर्टी रॉटन स्काउंड्रल्स' हा ब्रँडोच्याच १९६४ मधल्या एका विनोदी सिनेमाचा रीमेक होता.

कुलकर्णीकाका: हाक मारून मारून काय मारली तर मिस पिगी! मला तर तो बहुमान वाटला असता. डुकरिणीला आख्खं जग ओळखतं.

देशमुखकाकू (ॲडमिन): कुलकर्णी भाऊजी, तुमच्या दारात कुरिअर येऊन उभा आहे.

मंदार: पण मग योडा? तो तर 'स्टार वॉर्स'वाल्या जॉर्ज लुकासचा. तिथे तरी मिळाले असतील ना घसघशीत?

कुलकर्णीकाका: कुरिअर घेतला. योडाची मालकी आधी लुकासच्या कंपनीची आणि २०१२ पासून तीही डिस्नेच्या खिशात. किती मिळाले ते करार बघितल्याशिवाय मी बोलणार नाही.

नेहा: योडासाठी लुकास आधी हेन्सनकडे गेला होता. हेन्सन म्हणाला ऑझला घे. बाहुली स्टुअर्ट फ्रीबॉर्नने घडवली. दलदलीचा सेट जमिनीपासून उंच उचलून बांधला, ऑझ त्याच्या खाली. सोबत कान-डोळे हलवणारे इतर. वर एकटा नट मार्क हॅमिल, खालचा आवाज त्याला ऐकू येईना म्हणून कानात यंत्र. आणि आवाज ऑझचाच ठेवायचा हे लुकासने आधी ठरवलंही नव्हतं! सिनेमा आल्यावर मात्र याला ऑस्करचं नामांकन मिळावं म्हणून त्याने प्रयत्न केले. मिळालं नाही.

पुढे २००२ आणि २००५ मध्ये योडा कॉम्प्युटरवर बनवला, ऑझचा फक्त आवाज. २०१७ च्या 'द लास्ट जेडाय'मध्ये मूळ साच्यांवरून पुन्हा बाहुली केली आणि सत्तरी ओलांडलेला ऑझ पुन्हा तिच्यात हात घालून उभा.

सुमेधाताई: तो प्रसंग पाहिलाय मी. कॉम्प्युटरचा योडा उड्या मारतो, पण कान पडून विचार करतो तो हाच.

नेहा: पैशापेक्षा त्याला दुसरंच लागलंय ताई. मपेट्स त्याने २००० च्या आसपास सोडले. पिगी, फॉझी, बर्ट, ग्रोव्हर आता एरिक जेकबसन करतो, कुकी डेव्हिड रुडमन. २०२१ मध्ये एका मुलाखतीत म्हणाला, मला पुन्हा करायला आवडेल, पण डिस्नेला मी नकोय आणि 'सेसमी स्ट्रीट'ने दहा वर्षांत विचारलेलं नाही.

मंदार: अरेरे. मग त्या वेबसाइटच्या आकड्याचं काय करू?

कुलकर्णीकाका: सोडून दे. आणि मुखवट्याचं कुठवर आलं?

मंदार: बेत बदललाय. लेक म्हणतो योडा नको, कुकी मॉन्स्टर करायचा, बाहुली घेऊन. सुमेधाताई, निळी फर कुठून आणू? आणि तो विचारतोय, उजवा हात कोण होणार? मला तर त्या दिवशी ऑफिस आहे.

सुमेधाताई: फर नको, घाम येईल. बाथरूममधलं निळं पायपुसणं धुऊन आण, मी शिवून देते.

कुलकर्णीकाका: उजवा हात मी. रिटायर झाल्यापासून मोकळाच आहे. फक्त तालीम संध्याकाळी सहानंतर, आणि बिस्किटं मधुमेहवाली.