स्का बँड 'अडाणी' श्रोत्यांमुळे बुडाला? साफ असहमत

काळी पाच
काल एकाने इथे लिहिलं की रत्नागिरीचा नऊ जणांचा स्का (जमैकाचं नाचायचं संगीत) बँड दोन हंगामांत आटोपला, कारण "कोकणातल्या माणसाला बेंजोच्या पुढे काही ऐकूच येत नाही". (बेंजो म्हणजे आपला बटणांचा बुलबुल तरंग.) श्रोत्यांना शिव्या घालण्याआधी बँडने काय काय केलं ते बघा की.

पहिली चूक पट्टीची. गिटारला पांढरी सहा (पेटीची सहावी पांढरी पट्टी) सोपी, म्हणून सगळी गाणी तिथे. बी-फ्लॅट ट्रंपेटवाल्याच्या बोटांना ती पांढरी सात पडते, म्हणजे पाच शार्प (चढे सूर). आल्टो सॅक्सला काळी तीन, सहा शार्प. वरातीत तयार झालेला वादक हे वाजवतो, पण चाचपडत. काळी पाच धरली असती तर ट्रंपेट पांढरी एकच्या बोटांनी आणि सॅक्स पांढरी पाचच्या बोटांनी वाजला असता. गिटारला बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून काढलेला सुरांचा जुडगा) धरावी लागली असती, एवढंच. स्कात तीच बरी. पंजा जरा सैल सोडला की सूर जागच्या जागी तुटतो, मोकळ्या तारा मात्र गुंजत राहतात.

दुसरी आणि खरी चूक ताशा. स्काचा जीव रिकाम्या जागेत असतो. केहरव्याच्या आठ मात्रा मोजा: बास ड्रम आणि स्नेअर ३ आणि ७ वर, गिटार २, ४, ६, ८ वर, हात खालून वर, बारीक तारांवर. ताशाची तर्री (दोन्ही काड्यांची सलग तडतड) सुरू झाली की आठही मात्रा भरतात आणि गिटारचा 'चक' कानाला सापडत नाही. लोकांनी नाचायचं कशावर?

शिमगा बारमाही
म्हणजे ताशा काढा, उद्या पालखीही काढा!

जमैकात स्का झाला तोच मुळात भेसळीतून. तिथलं मेंटो हे लोकसंगीत, अमेरिकेचा जॅझ आणि रिदम अँड ब्लूज. १९६४ साली जमलेल्या स्काटलाइट्समधले डॉन ड्रमंड, टॉमी मॅकूक हे किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमधून आलेले, म्हणजे शाळेच्या बँडचीच मुलं. त्यांना चालतं आणि आपल्या वरातीच्या बँडवाल्याने ताशा आणला की विटाळ?

ताशा नडत नाही, ताशेवाल्याला सांगणारा नडतो. उजव्या हातातली काडी खाली ठेवायला लावा, डावीने फक्त सम संख्येच्या मात्रा, त्याही कडेवर. तर्री फक्त कडवं संपताना, दोन आवर्तनं. असा ताशा गिटारला झाकत नाही, उलट उचलून धरतो.

मूळ पोस्टवाला
एवढं गणित करून कुणी गाणं ऐकत नाही. स्का म्हणजे रेगेची फास्ट आवृत्ती, आनंदी संगीत. आपल्याकडे मात्र बेंजो नसेल तर मंडप रिकामा. सत्य कटू असतं.

काळी पाच
उलटं आहे. आधी स्का, मग १९६६च्या सुमारास संथ होऊन रॉकस्टेडी, त्यानंतर रेगे. नातवाला आजोबांची फास्ट आवृत्ती म्हणत नाहीत, आजोबांना तर नाहीच नाही.

बेंजोला हिणवू नका. त्याच्यावर कॉर्ड निघत नाही, कारण बटण दाबलं की सुराच्या सगळ्या तारा एकदम दबतात. म्हणून तो गिटारचं काम करणार नाही. पण ट्रंपेटची ओळ त्याच्यावर झकास बसते, आणि बेंजोवाल्याचे ओठ दमत नाहीत.

शिमगा बारमाही, एका काडीचा तोडगा कागदावर छान आहे. गर्दी ओरडायला लागली की कुठला ताशेवाला दुसरी काडी खाली ठेवून राहतो? तेवढा एक सापडला तर आणा, मी गप्प बसतो.

सुपारी नंतर बोलू
तुम्ही दोघं मात्राच मोजत बसा. बँड बुडाला वैशाखामुळे. ट्रंपेट, सॅक्स, युफोनियम वाजवणारी माणसं लग्नाच्या बँडमधली. लग्नसराईत रोज सुपारी, इसार आधी हातात. स्काचे पैसे कार्यक्रम झाल्यावर, ते नऊ जणांत वाटून. कोण येणार? पुढे जून ते सप्टेंबर पाऊस, मध्ये गणपती आले की तीच माणसं पुन्हा मिरवणुकीत. उरतात डिसेंबर-जानेवारी. तिथेही ट्रंपेटचा दुसरा पिस्टन (सूर बदलायला दाबतात ती दांडी) अडकलेला, कारण त्यात खोबरेल.

देवगड साईड
खोबरेलात वाईट काय? किनाऱ्यावर सगळे तेच घालतात. काय होवचा नाय!

सुपारी नंतर बोलू
खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं. जानेवारीत पहाटे रत्नागिरीत पारा त्याच्या बराच खाली असतो. पेटी रात्रभर मंडपात, सकाळी पिस्टन दाबला की खाली जातो आणि वर यायचं नाव नाही. वर चिकटपणा, त्यात धूळ.

देवगड साईड
मग पिस्टन दोन मिनिटं मुठीत धरा, सुटतो. का बाटलीभर परदेशी तेलाला पैसे घालवायचे?

काळी पाच
मुठीत धरून सुटतो आणि दुसऱ्या गाण्यात पुन्हा बसतो. शिलाई मशीनचं तेल तरी घाला, ते थिजत नाही.

सुपारी नंतर बोलू
मशीनचं तेल नव्या ट्रंपेटला जाड पडतं. पिस्टन आणि नळकांडं यांतली फट केसाहून बारीक. भरभर ओळ आली की पिस्टन मागे राहतो, दोन सुरांच्या मध्ये 'प्वाँ' असा तिसराच निघतो.

शिमगा बारमाही
नवा ट्रंपेट आहे कुणाकडे? इथे मेरठचा, तीन हातांतून फिरलेला. घासलेल्या पिस्टनमधून हवा गळते, तिथे पातळ तेल घातलं तर नुसता वारा. जुन्याला जाडच तेल लागतं. जुन्या वाद्यांसाठी मुद्दाम जाड व्हॉल्व्ह ऑईल विकतात, ते का?

सुपारी नंतर बोलू
बरं बाबा, घासलेल्याला मशीनचं तेल. मान्य. खोबरेल तरीही नाही.

आणि तेलाआधी धुवा तरी. साबणाचं कोमट पाणी (कडकडीत नको, पितळेवरची लाख उडते), पिस्टन बाहेर काढून सुती फडक्याने पुसायचे, मग थेंब थेंब तेल. त्यांच्यावर १, २, ३ कोरलेलं असतं ते बघून परत घाला, अदलाबदल झाली तर फुंकच जाणार नाही. किनाऱ्यावर आठवड्याला एकदा हे न केलं तर आतून हिरवा कळंक धरतो.

माजघर
कळंकाला आमसूल लावा, पितळ लख्ख होतं.

सुपारी नंतर बोलू
आमसूल?! ती समई नाही, ताई. आंबट सांध्यांत शिरून बसतं, लाखही जाते. आमसूल सारात.

माजघर
एवढं ओरडायला काय झालं. समई आमची तीन पिढ्या टिकली आहे, तुमचा बँड दोन हंगाम.

मूळ पोस्टवाला
धागा श्रोत्यांवर होता. तेल, साबण, आमसूल. हेच म्हणत होतो मी.

काळी पाच
ट्रंपेट वाजला नाही तर श्रोत्याने ऐकायचं काय, ते सांगा. बाकी कार्यक्रम किनाऱ्यावर होता, नोटेशनचे कागद कपड्यांचे चिमटे लावूनही उडत होते, आणि स्टेजचं तोंड समुद्राकडे. संध्याकाळी वारा समुद्रावरून येतो. आवाज उलटा स्टेजमागच्या सुरूच्या बनात. पाठ समुद्राला करायची एवढंही कुणाला सुचलं नाही. यात 'अडाणी' कोण ते तुम्हीच ठरवा.

मूळ पोस्टवाला
ठीक आहे, स्टेजची चूक होती. स्टेजचीच.

देवगड साईड
त्या बँडचा ट्रंपेट विकायला निघालाय म्हणे. कुणी बघून आलंय का?

सुपारी नंतर बोलू
बघितला. दुसरा पिस्टन अजून वर येत नाही.

देवगड साईड
मुठीत धरलात काय?