नकाशावरचा बाण काढला की गेममध्ये जीव येतो: पुढचा ओपन वर्ल्ड आरपीजी यावरूनच निवडावा का?

जिरावन (रामबाग, इंदूर)

किंगडम कम डिलिव्हरन्स या ओपन वर्ल्ड आरपीजीचा (मोकळ्या जगात एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या गेमचा) दुसरा भाग संपवला आणि आता काय खेळायचं ते सुचत नाहीये. विचारायला आलोय, पण नुसती यादी नको. यादी कुठेही मिळते आणि प्रत्येक यादीत तीच पाच नावं असतात. मी एक म्हणणं मांडतो, ते खोडून काढा.

आपण गेममध्ये किती बुडतो ते जगाच्या आकारावर ठरत नाही, ग्राफिक्सवर तर नाहीच नाही. गेम तुम्हाला रस्त्याकडे बघायला लावतो की कोपऱ्यातल्या मिनिमॅपकडे, म्हणजे कुठे जायचं ते बाणानं किंवा ठिपक्यांनी दाखवणाऱ्या छोट्या नकाशाकडे, यावर ठरतं. विचर ३ मी मनापासून खेळलो. पण त्यातल्या वेलन प्रांताच्या दलदलीतून घोडा पळवताना तुमची नजर दलदलीवर होती की ठिपक्यांच्या रेघेवर? माझी रेघेवर होती.

आता २००२ चा मॉरोविंड बघा. बाण नाही. गावातला माणूस सांगतो: पूल ओलांड, नदी धरून उत्तरेला जा, फाट्यावर डावीकडे वळ. ते वहीत नोंदलं जातं, पुढे तुम्ही आणि तुमचं नशीब. जुन्या इंदुरात घर शोधण्यातलाच प्रकार. नंबर कुणी सांगत नाही. मारुतीचं देऊळ, मग पिंपळ, मग पानवाला, त्याला विचारा. दोनदा चुकाल, पण ती गल्ली आयुष्यभर लक्षात राहील.

किंगडम कमच्या हार्डकोर मोडमध्ये तेच होतं. नकाशा असतो, पण त्यावर आपली खूण नसते. समोरचा ओढा नकाशावरचा कुठला, ते आपणच ताडायचं. १४०३ सालचा बोहेमिया मला राजवाड्याच्या मागच्या बोळांइतका पाठ झालाय, तो त्यामुळेच.

तर माझा निकष एकच: बाण बंद केल्यावरही गेम खेळता येतो का? येत असेल तर तो पुढचा.

सराफ्यातलं घुबड

भिया, रस्ता शोधण्याचीच हौस असेल तर रविवारी जानापावच्या डोंगरावर जा, गेमवर पैसे कशाला?

ठिपक्यांची रेघ दिसली, आणि रेघेच्या टोकाला काय होतं ते नाही दिसलं? वेलनचा तो दारुडा सरदार, बॅरन. बायको आणि मुलगी घर सोडून गेलेली, आणि हा तुला म्हणतो, शोधून दे. आधी त्याची कीव येते, मग खरं काय घडलं ते कळल्यावर घृणा येते, आणि नंतर दोन्ही एकदम येतात. टेकडीवरच्या झाडातल्या आत्म्याला सोडायचं की मारायचं, तो निर्णय आठव. पोरं वाचवायची म्हणून तू एक केलंस आणि त्याची किंमत दुसऱ्याच घरानं मोजली. मी तो प्रसंग संपल्यावर गेम बंद करून बसलो होतो. त्या वेळी मिनिमॅप चालू होता की बंद, हे मला आजही सांगता येणार नाही.

माणूस माणसांमध्ये बुडतो. ओढे-नाले मोजून कुणी बुडत नाही.

दोन पोरांची आई

जिरावन, तू एकटा राहतोस ना? लगेच कळतं.

पोरं झोपली की मला तासभर मिळतो, तोही रोज नाही. त्या तासात मी ओढा ताडत बसू की गोष्ट पुढे नेऊ? बाण मला दयेसारखा वाटतो. आणि किंगडम कमचं एवढं कौतुक करतोयस तर हेही सांग की पहिल्या भागात सेव्ह करायला ती खास दारू लागायची, नाहीतर आपला पलंग गाठून झोपायचं. सेव्ह करून बाहेर पडायची सोय मागाहून, अपडेटमधून आली. आतल्या खोलीतून रडण्याचा आवाज आला आणि मी जंगलात लुटारूंच्या मधोमध उभी! अशा वेळी कसलं बुडणं.

तुझ्या निकषात बसणारं आणि मलाही चालणारं एक नाव देते. असॅसिन्स क्रीड ओडिसी, २०१८. त्यात सुरुवातीलाच एक्सप्लोरेशन मोड निवडता येतो. बाणाऐवजी खुणा मिळतात: अमुक प्रांत, तमुक डोंगराच्या दक्षिणेला, देवळाजवळ. गरुड वर सोडायचा आणि शोधायचं. कंटाळा आला की सेटिंग बदलायची. आणि याच गेममध्ये लढाई वगळून प्राचीन ग्रीस नुसता बघत फिरायचीही सोय आहे. सासरे त्यात अथेन्स बघत बसले होते, जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

जिरावन

ताई, ओडिसी तर माझ्याच बाजूचा साक्षीदार झाला! तिथे बाण बंद करता येतो, कारण लिहिणाऱ्यानं खुणा लिहून ठेवल्यात. विचरमध्ये सेटिंगमधून सगळं बंद करून बघा. गावचा मुखिया म्हणतो, राक्षसानं दोघांना खाल्लं, बघा काहीतरी. कुठे, कुठल्या दिशेला, एक अक्षर नाही. खुणा लिहिल्याच नाहीत, कारण बाण आहेच. म्हणजे बाण ही सोय राहिली नाही, त्यानं संवादातून गावाचा भूगोलच काढून टाकला. माझी तक्रार ती आहे.

घुबडा, बॅरन उत्तमच. पण तो मला एखाद्या चांगल्या मालिकेतही भेटला असता.

सराफ्यातलं घुबड

मालिकेत झाडातल्या आत्म्याचा निर्णय तू घेतला असतास?

तात्या (मूळचा ग्वाल्हेरचा, आता लोकमान्य नगर)

मुलांनो, मॉरोविंडची आरती ओवाळताय, पण तो ज्यांनी तेव्हा खेळला त्यांना विचारा. त्यातले काही पत्ते चक्क चुकीचे होते. पूर्वेला सांगितलेली गुहा भलतीकडेच निघायची. त्याला आज आपण ‘जिवंतपणा’ म्हणतो, तेव्हा शिव्या दिल्या होत्या.

मात्र आकाराबद्दल जिरावनचं पटतं. १९९६ चा डॅगरफॉल घ्या. ब्रिटनएवढा प्रदेश, त्यात हजारो गावं आणि भुयारं. पण ती बहुतेक संगणकानं साच्यातून काढलेली. एक पाहिलं की शंभर पाहिली. याउलट २००१ चा गॉथिक. जादूच्या घुमटाखाली कैद्यांची एक वसाहत, तीन छावण्या, झालं एवढंच जग. चालत गेलात तरी फार वेळ लागत नाही. पण तिथला लोहार दिवसा ठोकत बसतो, रात्री शेकोटीजवळ येतो. कुणाच्या झोपडीत न विचारता शिरलात तर तो आधी हटकतो, मग मारतो. नकाशा हवा तर कुणाकडून तरी विकत घ्यावा लागतो. सुरुवातीला एखादा लांडगाही भारी पडतो, म्हणून तुम्ही रस्ता सोडत नाही.

माझ्या मते कळीचा मुद्दा बाण नाहीच. ते जग तुमच्याशिवाय चालतं का, हा आहे. स्कायरिममध्ये तुम्ही सगळ्या पंथांचे प्रमुख होता, आणि पहारेकरी तुम्हाला गुडघ्यात घुसलेल्या बाणाची गोष्ट सांगत राहतो. तो बाण तेवढा काढा.

शेव-परमल

चर्चा मोठ्या घरच्यांची चाललीय. आधी जेल रोडला जाऊन ग्राफिक्स कार्डाचा भाव विचारून या. रेड डेड रिडेम्प्शन २ ला १५० जीबी जागा लागते, माझी अख्खी हार्ड डिस्क त्याहून थोडी मोठी. किंगडम कम दोनही शंभर जीबी मागतो. बुडायचं नंतर बघू, गेम चालू तर होऊ दे.

जुना लॅपटॉप असणाऱ्यांसाठी: फॉलआउट न्यू व्हेगस (२०१०) सेलमध्ये किरकोळ भावात मिळतो. स्कायरिम आधीपासून असेल तर त्यावर एंडेराल टाका. हौशी जर्मन गटानं २०१६ मध्ये काढलेलं मॉड आहे, स्कायरिमच्याच पायावर सगळं जग नवं, गोष्ट नवी, आवाज नवे, आणि फुकट. पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या कितीतरी गेमांपेक्षा त्याची गोष्ट वजनदार आहे. आणि तात्या, मॉरोविंडची मूळ प्रत असेल तर ओपनएमडब्ल्यू नावाच्या मोफत इंजिनवर तो आजच्या विंडोजवर मजेत चालतो.

बाण असो नसो, मला फरक पडत नाही. पडद्यावरचं चित्र (फ्रेम) अडकलं की बुडणारा वर येतो.

रातकिडा

कुणी एल्डन रिंगचं नाव का घेत नाहीये? २०२२ चा, जिरावनच्या निकषात सोळा आणे बसतो. क्वेस्टची, म्हणजे पार पाडायच्या कामगिऱ्यांची, यादी नाही, वही नाही. सोनेरी प्रकाशाची एक तिरीप मुख्य दिशा दाखवते, बस.

आणि म्हणूनच मी जिरावनच्या विरोधात आहे. कारण प्रत्यक्षात काय झालं ते ऐका. परीक्षा आली, मध्ये खेळणं सुटलं. परत आलो तेव्हा ती टोपीवाली जादूगारीण कुठे होती, तिनं काय मागितलं होतं, काही आठवेना. मग फोनवर वॉकथ्रू (पुढे काय करायचं ते पायरीपायरीनं सांगणारं गाइड) उघडला. तो एकदा उघडला की मिटत नाही, भिया. शेवटी मी डोळ्यांसमोर टीव्ही आणि मांडीवर फोन अशा अवस्थेत खेळत होतो. माझ्या वर्गातले सगळे तसेच खेळले. कंपनीला पुढच्याच महिन्यात अपडेट काढून भेटलेल्या पात्रांच्या खुणा नकाशावर द्याव्या लागल्या.

तेव्हा बाण काढला की तो जात नाही, पडद्यावरून फोनमध्ये जातो. आणि फोन हा मिनिमॅपपेक्षा कितीतरी वाईट, कारण त्यावर मध्येच आत्याचा व्हॉट्सॲप मेसेज येतो.

दोन पोरांची आई

रातकिड्या, शंभर टक्के.

जिरावन

हा मुद्दा टोचला. पण बारकाईनं बघ. मॉरोविंडमध्ये सांगितलेलं वहीत उतरतं, किंगडम कममध्येही क्वेस्टची नोंद राहते. महिनाभरानं आलास तरी वाचून पुढे जाता येतं. एल्डन रिंगनं बाणही काढला आणि वहीही काढली, वर पात्रं कोड्यात बोलतात. उपाशी ठेवणं वेगळं आणि स्वतः रांधायला लावणं वेगळं.

तात्यांचा मुद्दा मात्र माझ्या निकषात बसत नाही, हे खरंय. गॉथिक मी खेळलेला नाही.

माळव्याचा वाटसरू

जिरावन, तुला हवा तो गेम आउटवर्ड आहे. २०१९ चा, कॅनडातल्या छोट्या चमूचा. तू कुणी निवडलेला तारणहार वगैरे नाहीस. गेम सुरू होतो तोच डोक्यावर कर्ज घेऊन. मुदतीत फेडलं नाहीस तर घर जातं. फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे नकाशावरून एका फटक्यात लांब पोचायची सोय, नाही. नकाशावर तुझी खूण नाही. पाठीवरची पिशवी जड असली की चपळाईनं लोळण घेता येत नाही, म्हणून मारामारीआधी ती खाली टाकायची. आणि जिंकल्यावर कुठे टाकली ते आठवायचं!

हरलास तर मरत नाहीस. कधी कुणी वाचवून गावात आणतं, कधी शुद्धीवर येतोस ते लुटारूंच्या कैदेत. गेम आपोआप सेव्ह होत राहतो, त्यामुळे मागे जाऊन दुरुस्ती नाही. आणि एका पडद्यावर दोघं मिळून खेळू शकतात, हे आजकाल या जातीच्या गेममध्ये दुर्मीळ.

सराफ्यातलं घुबड

आउटवर्ड खेळलोय. तलवारबाजी अवघडलेली, चेहरे लाकडी, आणि एकही माणूस लक्षात राहत नाही. नुसती पाठीवरची पिशवी लक्षात राहते.

माळव्याचा वाटसरू

तलवारबाजीबद्दल बरोबर. चेहऱ्यांबद्दलही. तरीसुद्धा पहिल्या हिवाळी रात्री शेकोटी पेटेना तेव्हा जी धडकी भरली, ती मला विचरमध्ये कधी भरली नाही.

शेव-परमल

मुद्दा सोडून विचारतो. चेक लोकांनी आपल्या बोहेमियावर किंगडम कमचे दोन गेम काढले. यशवंतराव होळकरांच्या फौजेतल्या साध्या स्वारावर कुणी का काढत नाही? २५ ऑक्टोबर १८०२, हडपसरची लढाई, पेशवे आणि शिंदे दोघांच्या फौजा एकत्र आणि समोर आपले होळकर. सुरुवातच तिथून करा. मांडूचे पडके महाल तर आयतेच आहेत.

तात्या

आमच्या ग्वाल्हेरच्या शिंद्यांना खलनायक करणार असाल तर मी विकत घेणार नाही, आधीच सांगतो.

बाकी, किंगडम कम काढणाऱ्या वॉरहॉर्सवाल्यांना २०१४ मध्ये लोकवर्गणीतून सुमारे ११ लाख पौंड मिळाले होते, आणि तेही बव्हंशी खासगी गुंतवणूकदाराला दाखवायला, की बघा, याला गिऱ्हाईक आहे. खरा खर्च त्याच्या कितीतरी वर गेला. गेम यायला २०१८ उजाडलं. पुण्यातल्या चमूनं २०२० मध्ये राजी नावाचा गेम काढला, देखणा आहे, पण त्याची वाट एकच आणि सरळ. मोकळं जग उभं करायचं तर प्रत्येक झोपडीत कोण राहतो, सकाळी कुठे जातो, हे कुणीतरी पगार घेऊन वर्षानुवर्षं लिहावं लागतं. इंदुरात तसा पगार देणारा दाखवा.

रातकिडा

तात्या, मी फुकट लिहीन. स्वाराचं जेवण काय होतं तेवढं सांगा.

जिरावन

बरं. आउटवर्ड घेतोय, धाकट्या भावाला बसवून दोघं खेळू. त्यानंतर गॉथिक, तात्यांच्या भरवशावर. ओडिसी एक्सप्लोरेशन मोडमध्ये पुन्हा सुरू करणार आहे, पण तेवढ्या मोठ्या नकाशाची भीती वाटते. पुढे पुढे छावण्याच छावण्या असतात म्हणे.

दोन पोरांची आई

असतात. सगळ्या करायच्या नसतात, तुला कुणी मार्क देत नाहीये.

सराफ्यातलं घुबड

आणि विचरचं ब्लड अँड वाइन हे वाढीव प्रकरण? ते खेळलायस की वेलनच्या चिखलावरूनच निकाल देऊन मोकळा झालास?

जिरावन

नाही खेळलो.

सराफ्यातलं घुबड

अरे देवा. मिनिमॅपवर कागद चिकटव हवा तर, पण त्यातला तुसां प्रांत बघितल्याशिवाय माझ्याशी वाद घालू नकोस. आणि आउटवर्डला भावासाठी कंट्रोलर लागेल. एक जण कीबोर्डवर, एक कंट्रोलरवर चालतं. माझा एक पडून आहे, डावी काडी (स्टिक) जरा आपोआप सरकते. शनिवारी रात्री सराफ्यात येणार असशील तर घेऊन येतो.