वॅगन-आरचं इंजिन जाम : बोअर करू, दुसरं टाकू, की गाडीच काढू?

गणवेशवाला

मंडळी, घाईत आहे, तरी सगळं सांगतो. अर्धवट सांगितलं की सल्लाही अर्धवटच मिळतो.

गाडी २००८ ची वॅगन-आर, पेट्रोल, १०६१ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन. एमएच १३ पासिंग, पहिल्यापासून माझ्याकडेच. रनिंग १ लाख ६८ हजार. २०२३ ला पंधरा वर्षं भरली तेव्हा रिन्युअल फी, पर्यावरण कर भरून २०२८ पर्यंतचे कागद करून घेतलेत. माझा धंदा शाळेच्या गणवेशाचा. मागची सीट पाडली की शर्टांचे आठ गठ्ठे बसतात, आणि गाडी उंच असल्यामुळे इस्त्री मोडत नाही. हे दुसऱ्या कुठल्या छोट्या गाडीत जमत नाही हो, बघून झालंय.

मागच्या मंगळवारी विजापूरहून नमुने दाखवून परत येत होतो. दुपारचे अडीच, एसी चालू. धूळखेड सोडलं, भीमेचा पूल ओलांडला आणि टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला. बघता बघता लाल रेघेला. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि थांबायला सावली शोधायला लागलो. मे महिन्यात त्या रस्त्याला सावली शोधणं म्हणजे काय ते आपल्याकडच्यांना सांगायला नको. तेवढ्यात काटा आपोआप खाली आला. अगदी तळाला. मला वाटलं, एसी बंद केला म्हणून भागलं. सिद्धेश्वराला हात जोडले आणि निघालो.

पुढे काही किलोमीटरवर आधी खडखड, मग पिकअप गेला, मग जात्यात खडा अडकावा तसा घर्र आवाज आला आणि तेरामैलच्या अलीकडे गाडी जागेवर बसली. चावी फिरवली तर नुसतं टक. कलिंगडं घेऊन निघालेल्या एका पिकअपवाल्याने गठ्ठे बांधायच्या दोरीने टोचन लावलं. नावाप्रमाणे सोलापूरपर्यंत तेरा मैल. इंजिन बंद असलं की ब्रेक किती जड लागतो ते त्या दिवशी कळलं. प्रत्येक गतिरोधकाला त्या कलिंगडांत घुसतो की काय असं वाटत होतं.

आता एक कबुली. दोन महिने रेडिएटरचं पाणी कमी होत होतं. रोज सकाळी बोअरवेलचं पाणी ओतायचो. सोलापुरात माणसाला चार-पाच दिवसांआड पाणी, आणि मी गाडीला रोज पाजत होतो. मिस्त्रीने सांगितलंही होतं, हीटरकडे जाणारा मागचा होज (रबरी नळी) मऊ पडलाय, साडेतीनशे रुपयांचा आहे, बदलून टाका. मी म्हटलं, सीझन संपू दे.

सध्या तीन पर्याय समोर आहेत. आमचा मिस्त्री म्हणतो फुल इंजिन काम, ४५ हजार, पंधरा-वीस दिवस. जुन्या इंजिनांचा एक दलाल आहे, तो म्हणतो २८ हजारांत तयार इंजिन, फिटिंगचे वेगळे ६ हजार, तीन दिवसांत गाडी रस्त्यावर, ‘कागद-बिगद काय लागत नाही ओ.’ आणि भंगारवाला आहे तशी उचलायचे २० हजार देतो. १५ जूनच्या आत चार शाळांचा माल पोचवायचाय, म्हणून माझा कल तीन दिवसांवाल्याकडे आहे. चूक करतोय का?

लेथवाला_अक्कलकोटरोड

मालक, काटा खाली आला तिथंच इंजिन गेलं.

टेंपरेचरचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणी आहे तोवर तो खरं बोलतो. पाणीच संपलं की तो बसतो हवेत, मग काटा खाली पडतो. आत हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, भाजत असतं आणि डॅशबोर्डवर सगळं थंड दिसतं. आमच्याकडं उन्हाळ्यात येणाऱ्या दहातली चार-पाच इंजिनं हीच गोष्ट सांगतात. काटा वर चढून एकदम पडला तर तो पहिल्यापेक्षा मोठा धोका. तिथंच बंद करायची, ऊन असू दे नाहीतर काय असू दे.

बरं, झालं ते झालं. न उघडता ४५ हजार सांगणारा आणि न उघडता इंजिन विकणारा, दोघांचंही आत्ता ऐकू नका. आधी एवढं करा. डिपस्टिक काढून ऑईल बघा. ताकासारखं पांढरट असेल तर पाणी ऑईलमध्ये गेलंय, म्हणजे बेरिंगचीही वाट लागली असणार. काळं आणि करपलेल्या वासाचं असेल तर क्रँक (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो खालचा दांडा) वाचायची आशा आहे. मग चारही प्लग काढा, प्रत्येक भोकातून दोन चमचे ऑईल सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी क्रँकच्या पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून हातानं फिरवून बघा. जोर करू नका. फिरलं तर पिस्टन चिकटलेला सुटला. नाही फिरलं तरी हेड उघडायचंच आहे.

हेड उतरलं की लेथवर आणा. ॲल्युमिनियमचं आहे, तापलं की वाकतं. पट्टी ठेवून फिलर गेजनं बघायचं, ०.०५ मिलिमीटरच्या वर फट निघाली तर फेसिंग, तोंड घासून सपाट करायचं. फेसिंग म्हणजे काही मोठा खर्च नाही. पण दोन व्हॉल्व्हच्या मधे तडा असेल तर ते हेड विसरा, वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. खाली ब्लॉक ओतीव लोखंडाचा आहे, तो बोअर होतो, म्हणजे सिलिंडर आतून घासून थोडे मोठे करता येतात. पाव किंवा अर्धा मिलिमीटर ओव्हरसाईज पिस्टन टाकायचे. ओरखडा त्याहून खोल असेल तर स्लीव्ह, म्हणजे आत नवी नळी.

फोटो टाका, मग बोलू.

हुरडा_पार्टी

एवढं करलालाव तर नवीन वॅगन-आरचं के-१० इंजिनच टाका की ओ. ॲव्हरेज वाढंल, पिकअप वाढंल, चेनवालं इंजिन, बेल्टचं टेन्शन नाही.

लेथवाला_अक्कलकोटरोड

@हुरडा_पार्टी, आणि माउंटिंग कोण बनवणार? वायरिंग, ईसीएम, गिअरबॉक्सचं बेल हाऊसिंग, सगळं वेगळं. ते इंजिन ॲल्युमिनियम ब्लॉकचं, घराणंच वेगळं. २०१० च्या एप्रिलपासून मोजक्या शहरांत बीएस-४ (धुराचे कडक नियम) लागू झालं, त्यात मुंबई-पुण्यासोबत आपलं सोलापूरही होतं. त्याच सुमारास वॅगन-आरला के-१० आलं आणि हे १०६१ चं इंजिन मागं पडलं. या गाडीत १०६१ च बसवायचं. ते फक्त वॅगन-आरमध्ये नव्हतं. सुरुवातीच्या झेन एस्टिलोत होतं, अल्टो व्हीएक्सआयमध्ये होतं. शोधताना तिन्ही नावांनी विचारा, लवकर मिळेल.

एमएच१३_ते_१२

मूळचा सोलापूरच्या बाळ्याचा, आता पुण्यात. ‘कागद लागत नाही’ हे वाक्य वाचलं म्हणून लिहितोय. मी २०१९ मध्ये माझ्या अल्टोत असंच एक ‘तयार’ इंजिन बसवलं. गाडी मस्त चालली. दोन वर्षांनी विकायला काढली. घेणाऱ्याने बॉनेट उघडून इंजिन नंबर आरसीशी ताडून बघितला आणि सरळ निघून गेला. तो गेला त्याचं काही नाही, पण मग मी विचार करायला लागलो की हे इंजिन कुणाच्या गाडीतून निघालं? चोरीच्या गाडीचं असेल तर उद्या पोलीस माझ्या दारात. विकणाऱ्याचा फोन तोवर बंद.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदललं की १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि आरसीवर नवा नंबर चढवून घ्यायचा. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन असेल तर फार अवघड नाही. त्यासाठी तुमच्या हातात पक्कं बिल हवं, त्यावर इंजिन नंबर हवा, आणि ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची प्रत हवी. हे देणारा विक्रेता चार-पाच हजार जास्त मागेल. द्या. नंबर चढला की विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच कारण काढतील. (इंजिन जाम झालं याचे पैसे मात्र विम्यातून मिळणार नाहीत. यांत्रिक बिघाड साध्या पॉलिसीत बसत नाही, उगाच हेलपाटे घालू नका.)

आणि इंजिनावरचा नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला वाटला तर फुकट दिलं तरी घेऊ नका.

गणवेशवाला

लेथवाले, सांगितल्याप्रमाणे केलं. ऑईल काळं आणि करपलेलं, ताक नाही. प्लगमधून ऑईल सोडलं. सकाळी पुली पाव चक्कर फिरली आणि अडली. हेड उतरवलं तेव्हा मी समोर उभा होतो. दोन आणि तीन नंबरच्या मधलं गॅस्केट कोळशासारखं झालेलं. तीन नंबरच्या बोअरमध्ये वरून खालपर्यंत चार ओरखडे, त्यातल्या एकात नख अडकतं. आणि हेडला तीन नंबरच्या दोन व्हॉल्व्हच्या मधे केसाएवढी काळी रेघ. मी म्हटलं काजळी असेल. मिस्त्रीने रॉकेलने पुसली. रेघ तशीच.

पाण्याच्या वाटा बघितल्या तर आत बोअरच्या पाण्याचं पांढरं खापर जमलेलं, घरातल्या गीझरच्या कॉइलवर जमतं तसं. स्क्रू ड्रायव्हरने टोकरलं तर पापुद्रे निघाले. म्हणजे होज फुटला नसता तरी यंदा नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात हेच झालं असतं.

आता हेड नवीन घ्यायचं, ब्लॉकला बोअर करायचं, पिस्टन, रिंगा, बेरिंग, गॅस्केट किट. मिस्त्रीचे ४५ आता ५८ हजार झालेत. गाडी चालू असती तर ऐंशीला गेली असती. घरचे म्हणतात काढून टाक. मला सांगा, हे करावं का?

लेथवाला_अक्कलकोटरोड

मालक, माझं पोट लेथवर चालतं तरी सांगतो, बोअर करू नका. हेड चांगलं असतं तर मीच म्हटलं असतं करा म्हणून. नवं हेड अधिक बोअर हा हिशोब या गाडीला बसत नाही. कागदवालं वापरलेलं इंजिन बघा. एस्टिलो मागून ठोकलेली असेल तर उत्तम, कारण पुढून ठोकलेल्या गाडीचा रेडिएटर आधी फुटतो आणि लोक तशीच चालवून घरी नेतात. मग तुमचंच दुखणं तुम्ही विकत घेणार.

घेताना जागेवर बॅटरी लावून स्टार्टरवर चारही सिलिंडरचं कंप्रेशन (आतला दाब) बघा. आकडा किती यापेक्षा चारही आकडे जवळजवळ आहेत का ते बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून खाली असेल तर सोडा. ऑईलचं झाकण उलटं करून बघा, खाली चिकट काळा थर असेल तर त्या मालकानं ऑईल बदललेलंच नाही.

आणि इंजिन बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, क्रँकचे पुढचे-मागचे सील आणि क्लच प्लेट नवीन टाका. आत बसल्यावर त्याच कामाची मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. रेडिएटर खोलून रॉडिंग (नळ्यांतून सळई घालून सफाई) करून घ्या नाहीतर बदला. जुना खापरवाला रेडिएटर नव्या इंजिनाला लावलात तर परत माझ्याकडंच याल.

गणवेशवाला

उशिरा लिहितोय, सीझनमध्ये होतो.

इंजिन मिळालं. एस्टिलो, मागून ट्रकने ठोकलेली, पुण्याकडची. दलालाला आरसीची प्रत आणि पक्कं बिल मागितल्यावर तो दोन दिवस फोन उचलेना; मग दुसरीकडून मिळालं, ३३ हजारांना, कागदांसह. कंप्रेशन घेताना मी स्वतः चारही आकडे हातावर पेनने लिहिले. तीन सारखे, चौथा थोडासाच कमी. लेथवाल्यांनी सांगितलेलं बाकी सगळं सामान, क्लच प्लेट, नवा रेडिएटर आणि सगळे होज धरून १७ हजार, मजुरी ७. म्हणजे ५७. मिस्त्रीच्या ५८ हून हजारच कमी, हे माझ्या घरच्यांनी लगेच दाखवून दिलं. पण त्या ५८ मध्ये क्लच आणि रेडिएटर नव्हते, आणि पंधरा-वीस दिवसांऐवजी गाडी सहाव्या दिवशी चालू झाली. तरी दोन शाळांचा माल भाड्याच्या छोट्या हत्तीने पाठवावा लागला. मोहोळच्या शाळेचे शर्ट चुरगाळून पोचले. मुख्याध्यापकबाईंनी तसे फोटो काढून पाठवले.

पहिल्या दिवशी चालू केली तर आवाज ओळखीचा वाटला नाही. माझ्या इंजिनाला टॅपेटची टिकटिक होती, ती नाही. सोळा वर्षांपेक्षा जास्त ऐकलेली. सिग्नलला दोनदा वाटलं गाडी बंद पडली.

आरटीओत अर्ज बाराव्या दिवशी दिला. निरीक्षकाने बॉनेट उघडायला लावलं, नंबरावर बोट फिरवून बघितलं, बिलाशी ताडलं. दुसऱ्या फेरीत काम झालं. विमा कंपनीला मेल केलाय, उत्तर यायचंय.

आता तयार कूलंट घालतो, बोअरचं पाणी बंद. काटा निम्म्याच्या जरा खाली असतो. गाडी चालवताना रस्त्यापेक्षा त्याच्याकडेच जास्त बघतो, बायको ओरडते.

जुन्या इंजिनाचा क्रँक चांगला आहे, स्टँडर्ड साईज, एकदाही ग्राइंडिंग नाही. मॅनिफोल्ड, अल्टरनेटर, स्टार्टरही आहे. भंगारवाला किलोवर मागतोय. कुणाच्या एस्टिलो, अल्टो व्हीएक्सआयला लागत असेल तर इथेच कळवा, रविवारपर्यंत ठेवतो.