वेळ काढून की वेळ काढायला?

परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, "सूनबाई सारखी फोनवर काय टाइप करत असते हो?" सासूबाई म्हणाल्या, "काही नाही, वेळ काढायला लिहीत असते काहीतरी." मी आत कणीक मळत होते. हात थांबलाच. कारण मी जगाला सांगत असते की मी वेळ काढून लिहिते! शब्द तेच दोन, अर्थ पार उलटा.

थोडं सांगते. नोकरी, डोंबिवली ते सीएसएमटी रोजची लोकल, दुसरीतला मुलगा, आणि या सगळ्यात एका परदेशी ड्रॅगनवाल्या मालिकेवरची माझी फॅनफिक, म्हणजे तिच्यातलीच पात्रं घेऊन मी लिहीत असलेली गोष्ट. एकविसावा भाग चालू आहे. जखमी ड्रॅगन तीन आठवडे गुहेत पडून आहे, कारण ऑफिसात मार्चएंड होता. तर 'वेळ काढणे'चे हे दोन अर्थ कसे पडले असतील? आणि इंग्रजीतल्या 'जगलिंग'ला 'तारेवरची कसरत' सोडून आपल्याकडे दुसरं काही आहे का?

प्रतिसाद:
सगळी करामत 'काढणे'ची आहे. विहिरीतून पाणी काढतो, पाकिटातून पैसे काढतो, म्हणजे कशातून तरी काहीतरी बाहेर येतं. पण 'वाईट दिवस काढले', 'स्टेशनावर रात्र काढली' यात बाहेर काहीच निघत नाही, कसंबसं पार पडायचं असतं. तुमचा वेळ पहिल्या जातीचा, सासूबाईंचा दुसऱ्या. सरकारी 'वेळकाढूपणा' या दुसऱ्याचाच भाऊ. 'वेळात वेळ काढून' म्हटलं की मात्र घोळ राहत नाही, कशातून काढला तेही सांगून झालेलं असतं.

प्रतिसाद:
'तारेवरची कसरत' इथे मला पटत नाही. तारेवर चालणाऱ्याला एकच काम असतं, पडायचं नाही. चार गोष्टी हवेत ठेवायच्या असतील तर मराठी माणूस साधं 'सांभाळून' म्हणतो. आणि त्यात आपली उतरंड कशी लपलीय बघा: 'घर सांभाळून नोकरी करते', 'नोकरी सांभाळून लिहिते'. जे सांभाळायचं ते आधीचं, त्याला धक्का लागता कामा नये. 'लेखन सांभाळून नोकरी करतो' असं म्हणणारा अजून भेटलेला नाही.

प्रतिसाद:
निदान 'व्यस्त जीवनातून वेळ काढून' असं कुणी लिहिलं नाही, आभार. व्यस्त म्हणजे उलटं. शाळेतलं व्यस्त प्रमाण आठवा. 'कामात गढलेला' हा अर्थ हिंदीतून आला. आपल्याकडे व्यग्र आहे, नाहीतर सरळ 'कामात आहे' म्हणावं. अर्थात मार्चएंड आणि ड्रॅगन यांचं प्रमाण व्यस्तच दिसतंय.

प्रतिसाद:
आमच्या अकोल्याकडे वेळ 'मिळत नाही' असं म्हणत नाहीत, 'भेटत नाही' म्हणतात. पुण्याच्या मंडळींनी नाकं मुरडू नयेत. बायकोला भेटायला जशी वाट बघावी लागते तशीच वेळेची बघतो आम्ही.

प्रतिसाद:
वरच्या 'वेळेची'वरून आठवलं. 'तो वेळ' आणि 'ती वेळ' वेगळे आहेत. तो लांबीचा, ती नेमक्या क्षणाची. 'जेवायला वेळ झाला' म्हणजे उशीर, 'जेवायची वेळ झाली' म्हणजे ताट वाढा. काढता येतो तो 'तो'च. तुमचं दुखणं एका ओळीत सांगायचं तर लिहायची वेळ होते तेव्हा लिहायला वेळ नसतो.

अवांतर: उसनी पात्रं घेऊन लिहिण्यात आपण काही नवे नाही. मोरोपंतांच्या नावावर १०८ रामायणं सांगतात. त्यातलं एक निरोष्ठ, म्हणजे प, फ, ब, भ, म यांना चक्क बंदी! हल्लीच्या फॅनफिकवाल्यांची चॅलेंजेस याहून वेगळी काय असतात? मात्र पंत बारामतीला बाबूजी नाइकांकडे पुराणिक होते. नोकरीतही राम आणि घरीही राम. त्यांना कशातून काही काढावं लागलं नसेल.

मूळ प्रश्न विचारणारी:
'सांभाळून' एकदम पटलं, जरा टोचलंही. मी गाडीत उभ्याने एका अंगठ्याने लिहिते, दुसरा हात कडीला. ठाणं आलं की गर्दीत फोन पर्समध्ये, वाक्य अर्धंच. परवा घरी येऊन बघते तर "त्याने पंख पसरले आणि" इथपर्यंतच, पुढे काय होतं ते मलाच आठवेना. सासूबाईंना 'वेळात वेळ काढून' ऐकवून पाहिलं. त्या म्हणाल्या, "मग त्यातला थोडा काढून लसूण सोल."

वाचकही 'पुढचा भाग कधी' म्हणून मागे लागलेत. काल त्या अर्ध्या वाक्यापुढे दोन परिच्छेद जोडले, 'क्रमशः' लिहिलं आणि टाकून दिलं. वेळ मारून नेली.

प्रतिसाद:
मारून 'नेली'. म्हणजे ही ती वेळ. काढायचा तो, मारायची ती. आता ही काय भानगड आहे?