डोटाच्या संघाने मोजके तास कशावर घालवावेत: हातावर की डावपेचांवर?

दादर_मिडलेन

नमस्कार. आम्ही पाच जण मुंबईतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून डोटा २ (पाच विरुद्ध पाच असा संगणकावरचा खेळ, समोरच्याचा तळ पाडायचा) खेळतो आणि पुढच्या महिन्यात एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरणार आहोत. सरावाच्या प्रश्नावरून संघात सरळ दोन तट पडले आहेत. आमचा मिड (मधली वाट) खेळणारा मुलगा हाताने अतिशय तयार आहे, समोरासमोरच्या झुंजीत तो क्वचितच हरतो. त्याचे म्हणणे असे की प्रत्येकाने आपापल्या दोन-तीन हीरोंवर (खेळातल्या पात्रांवर) हात बसवावा, कारण लेनमध्येच (तळाकडे जाणाऱ्या तीन वाटांपैकी आपल्या वाटेवरच) मार खाल्ला तर पुढची सगळी योजना कागदावर राहते. कप्तानाचे मत नेमके उलटे आहे. आम्ही बरेचसे सामने आघाडी घेऊन हरतो, म्हणजे मधल्या टप्प्यावर सोने (खेळातला पैसा) आमच्याकडे जास्त असते, समोरचे तीन-चार जण मेलेले असतात, आणि तरीही आता नेमके काय करायचे हे कोणालाच सुचत नाही. कोणी बदलापूरहून येतो, कोणी विरारहून. त्यामुळे पाचही जण एकत्र बसू शकतील असे तास आठवड्यातून फार थोडे मिळतात. ते कशावर खर्च करावेत?

परळचा_सपोर्ट

आपल्या दोन्ही तटांनी जी रेघ ओढली आहे, ती मुळात चुकीच्या जागी आहे असे मला वाटते. आपला मिडवाला ज्याला हात म्हणतो, त्यात ठाऊक असण्याचा भाग किती मोठा आहे ते पाहा. आपल्या टॉवरखाली (वाट राखणाऱ्या, आपोआप मारा करणाऱ्या बुरुजाखाली) समोरचे क्रीप (वाटेने आपोआप चालून येणारे सैनिक) आले की नवखा खेळाडू अंदाजाने फटके मारतो आणि निम्मे लास्ट हिट (क्रीपला मारून सोने मिळवून देणारा शेवटचा फटका) घालवतो. जाणता खेळाडू जवळून लढणाऱ्या क्रीपला टॉवरचे दोन फटके बसू देतो आणि मग आपला एक मारतो; लांबून मारणाऱ्या क्रीपला मात्र आधी आपला एक, मग टॉवरचा एक आणि शेवटी पुन्हा आपला. सुरुवातीच्या काही मिनिटांत हे गणित बहुतेक हीरोंना लागू पडते. बघणाऱ्याला बोटांची चपळाई दिसते, पण तिच्यामागे हिशेब आहे, आणि तो एका दुपारी समजून घेता येतो.

आता दुसरी बाजू. २०१३ साली सिअॅटलमध्ये झालेल्या ‘द इंटरनॅशनल’ या डोटाच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत अलायन्स या संघाने नावी या संघाला ३-२ असे हरवले. अलायन्सची त्या वर्षीची ओळख म्हणजे स्प्लिट पुश: समोरासमोरची लढाई टाळायची, दुसऱ्याच लेनमधून टॉवर आणि बॅरॅक (तळातल्या सैनिकांच्या बराकी) पाडत राहायचे आणि प्रतिस्पर्ध्याला सतत घराकडे धावायला लावायचे. पाचव्या, निर्णायक सामन्यातही तेच चालले होते. नावीचे खेळाडू टीपी (दूरवरून झटकन पोहोचवणारी जादू) लावून तळ वाचवायला परत निघाले, तेव्हा अलायन्सच्या एस-फोर या खेळाडूने पक या हीरोची ड्रीम कॉइल ही जादू टाकून त्यांचे टीपी मोडले. टीपी पूर्ण व्हायला लागतात अवघे तीन सेकंद, आणि तेवढ्यात ती कॉइल योग्य जागी पडली नसती तर तळ कदाचित वाचलाही असता. पण ती टाकण्याची वेळच मुळात का आली? कारण नावीला त्या क्षणी परत जावे लागेल, अशी परिस्थिती योजनेने आधीच तयार केली होती. त्यामुळे ही जीत कोणाच्या खात्यावर मांडायची, हा वाद मला निरर्थक वाटतो. संधी कुठे निर्माण होईल हे डावपेच ठरवतात, आणि तिथे उभा असलेला माणूस ती साधू शकेल की नाही हे हात ठरवतो.

लेन_नंबर_चार

टॉवरखालचा हिशेब पाठ असणे आणि समोर दोन जण अंगावर येत असताना तो वापरता येणे, यांत फार अंतर आहे. कबड्डीत प्रशिक्षकाने चढाईची दिशा कितीही अचूक सांगितली, तरी कोपरारक्षकाने घोटा धरल्यावर सुटायचे असते ते चढाईपटूलाच. महाविद्यालयीन पातळीवर तर अनेक सामने पहिल्या दहा मिनिटांतच हातातून जातात. त्यात आपल्याकडचे कित्येक जण सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळतात, म्हणजे पिंगचा (सर्व्हरपर्यंत संदेश जायला-यायला लागणाऱ्या वेळेचा) फटका वेगळाच. मी आपल्या मिडवाल्याच्या बाजूने आहे.

वरळी_पाच

या वादात एक उदाहरण नेहमी अर्धेच सांगितले जाते, म्हणून ते पूर्ण सांगतो. २०१९ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे आपल्याकडे वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ईएसएल वनची डोटा स्पर्धा भरली त्याच महिन्यात, सॅन फ्रान्सिस्कोत ओपनएआय फाइव्ह या संगणकीय संघाने तेव्हाच्या जगज्जेत्या ओजीला २-० असे हरवले. यंत्राचा हात माणसापेक्षा वेगवान असणारच, असे म्हणून बरेच लोक तिथेच थांबतात. प्रत्यक्षात त्याच्या प्रतिक्रियेचा वेग मुद्दाम माणसाच्या आसपास ठेवला होता, आणि सामना शंभराहून अधिक हीरोंपैकी केवळ १७ हीरोंपुरता मर्यादित होता. पाहणाऱ्यांना चकित केले ते त्याच्या निर्णयांनी. जिथे अनुभवी माणूस सोने राखून ठेवेल, तिथे ते सुरुवातीच्या टप्प्यातही बायबॅकवर (मेलेला हीरो सोने देऊन लगेच परत आणण्यावर) बेधडक पैसे घालवत होते आणि जवळजवळ न थांबता दबाव वाढवत होते.

तरीही हा डावपेचांचा निखळ विजय आहे असे मी म्हणणार नाही. पाचही हीरोंची अस्त्रे एकाच लक्ष्यावर, एकमेकांवर वाया न जाता पडत होती, आणि त्यात घबराट अजिबात नव्हती. सतत दबाव ठेवण्याची ती पद्धत आपल्यासारख्या पाच जणांनी उचलली, तर दुसऱ्याच लढाईत दोघे पुढे, दोघे मागे आणि एक जण जंगलात असे चित्र दिसेल. आपल्या हातांना पेलेल तेवढीच योजना आखावी, एवढेच माझे म्हणणे. ड्राफ्ट (सामन्याआधी हीरोंची निवड) करतानाच कप्तानाने याचा विचार केलेला बरा.

दादर_मिडलेन

सर्वांचे आभार. ‘लेन_नंबर_चार’ यांना सांगायचे तर आमच्या लेन सहसा बिघडत नाहीत. अडचण नंतर येते. मागच्या सरावसामन्यात आम्ही रोशन (नकाशावरचा बलाढ्य राक्षस) मारला, त्याच्याकडून मिळणारे एजिस (मेल्यावर एकदा पुन्हा जिवंत करणारी वस्तू) घेतले, आणि मग मिडवाला एकटाच बॉटला (खालच्या लेनमध्ये) शिरला, कॅरी (उशिरा बलवान होणारा मुख्य मारेकरी) जंगलात फार्म करू (सोने गोळा करू) लागला, आणि एजिसची मुदत तशीच संपली. अशा वेळी सराव कसला करायचा, हे कळत नाही.

परळचा_सपोर्ट

मग उत्तर आपणच दिले आहे. लास्ट हिट, कॉम्बो, हीरोची सवय हे ज्याचे त्याने घरी, एकट्याने करावे; त्यासाठी पाच जण लागत नाहीत. एकत्र बसण्याचे तास रिप्लेसाठी आणि कॉलसाठी (आता काय करायचे हे सामन्यात ठरवून सांगण्यासाठी) ठेवा. हरलेल्या सामन्याचा रिप्ले लावा, पण लढाया पाहू नका. जिंकलेल्या लढाईनंतरची दोन मिनिटे तेवढी पाहा, आणि त्या वेळी प्रत्येक जण कुठे चालला होता, हे ज्याचे त्याला सांगायला लावा. एजिस पाच मिनिटे टिकते, तेव्हा ते उचलण्याआधीच कोणता टॉवर किंवा कोणती बॅरॅक घ्यायची हे बोलून झालेले असावे. रोशन मेल्याची वेळ एखाद्या सपोर्टने (इतरांना मदत करणाऱ्या खेळाडूने) चॅटमध्ये टाकावी, कारण तो ८ ते ११ मिनिटांच्या दरम्यान कधीही परत येतो आणि आठव्या मिनिटाच्या आत तिथे वॉर्ड (आजूबाजूचे दाखवणारी पहाऱ्याची वस्तू) लागलेला हवा.

आणखी एक. शेवटचा कॉल कोणाचा हे स्पर्धेआधी ठरवा. तो मिडवाल्याकडे देऊ नका, तो कितीही चांगला खेळत असला तरी. लेनमध्ये झुंजणाऱ्या माणसाला पूर्ण मिनीमॅप (कोपऱ्यातला छोटा नकाशा) पाहायला फुरसत नसते. कप्तान सपोर्ट खेळत असेल तर त्याच्याकडेच राहू द्या. मिडवाल्याने फक्त माझे अल्टिमेट (हीरोचे सर्वांत प्रभावी अस्त्र) तयार आहे किंवा नाही, एवढे वेळेवर सांगावे.